आमदारकी नेमकी कधी जाते?

नागपूर, २२ डिसेंबर २०२३. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्याचा निकाल दोन दशकांनंतर लागतो. त्या वेळचे बँकेचे अध्यक्ष, सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा होते. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळ सचिवालयाची अधिसूचना निघते. आमदारकी रद्द, तीही निकालाच्या तारखेपासून.

जुलै २०१३ पूर्वी हे घडलं नसतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ८ दोषी माणसाला निवडणुकीपासून दूर ठेवतं. पण त्याच्या चौथ्या पोटकलमात विद्यमान खासदार-आमदारांसाठी पळवाट होती. तीन महिन्यांत अपील दाखल केलं, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत खुर्ची शाबूत. त्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सामान्य माणसाचा उमेदवारी अर्ज मात्र छाननीतच बाद व्हायचा. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे पोटकलम घटनाबाह्य ठरवलं.

आता मोजमाप असं. कोणत्याही गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली, की अपात्रता. शिक्षेचा काळ, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. राहुल गांधींना सुरतच्या न्यायालयानं मानहानीबद्दल बरोबर दोन वर्षं दिली होती. एक दिवस जरी कमी असता तरी खासदारकी गेली नसती, हे सर्वोच्च न्यायालयानंच नोंदवलं. अन्न-औषध भेसळीत सहा महिन्यांची कैदही पुरते. आणि लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं बाहेर.

खरी गल्लत होते ती ‘स्थगिती’ या शब्दात. बातमी येते, ‘शिक्षेला स्थगिती’, आणि कार्यकर्ते गुलाल उधळतात. पण शिक्षा स्थगित होणं म्हणजे फक्त जामीन, तुरुंगातून सुटका. दोषाचा ठपका तसाच राहतो आणि अपात्रताही. पद वाचवायचं तर दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवावी लागते, आणि ती न्यायालयं अपवाद म्हणूनच देतात. केदारांना जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सावनेरमधून त्यांच्या पत्नीनं अर्ज भरला.

लक्षद्वीपचे तेव्हाचे खासदार मोहम्मद फैजल यांचं उलट झालं. ११ जानेवारी २०२३ ला दहा वर्षांची शिक्षा, आठवड्याभरात पोटनिवडणूक जाहीर, आणि २५ तारखेला केरळ उच्च न्यायालयाची दोषसिद्धीला स्थगिती. पोटनिवडणूक थांबली, पण लोकसभा सचिवालयानं सदस्यत्व बहाल करायला २९ मार्च उजाडला. काढायला दोन दिवस आणि परत द्यायला दोन महिने, हा उशीर मतदारांवरचाच अन्याय आहे.

कायद्याची सगळ्यात कमकुवत कडी मात्र कलम ११. अपात्रतेचा काळ कमी करण्याचा अधिकार ते निवडणूक आयोगाला देतं. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग भ्रष्टाचाराच्या खटल्यात एक वर्ष कैद भोगून ऑगस्ट २०१८ मध्ये सुटले. म्हणजे २०२४ पर्यंत निवडणूक बंद. तरी मे २०१९ मध्ये, आमदार नसताना, ते मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांत निवडून येणं भाग होतं. सप्टेंबरमध्ये आयोगानं सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत तमांग जिंकले.