एकदांडीची परीक्षा

(पुण्यातली वेताळ टेकडी, सकाळची वेळ)

टेकडीवर फिरायला येणारे हिला रोज तुडवून जातात. लांबसडक दांडा, टोकाला एकच फूल. मधोमध पिवळं, कडेच्या पांढुरक्या पाकळ्यांना तीन-तीन दात. ही एकदांडी. कुणी कंबरमोडी म्हणतं, कुणी दगडी पाला. मूळची अमेरिकेतली, पण आता पुरती इथली झालेली. खुरपं लागलं की हिचा पाला चुरगळून जखमेवर दाबायचा, हे शेतात कुणी कुणाला शिकवत नाही. याच टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा घाट आहे. एकदांडी काय, दुभाजकातही उगवेल. तिच्या शेजारणींचं तसं नाही.

(हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, कोरेगाव रस्ता)

हा पाला खरंच जखम भरतो का, हे तपासायचं तर आधी ओळख पटवायची. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात वाळवलेला नमुना जुन्या नमुन्यांशी ताडून पाहतात. नाव मिळतं : ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स.

(प्रयोगशाळा, सॉक्सलेट : अर्क काढायचं काचेचं उपकरण)

सावलीत वाळवलेल्या पाल्याची भरड कागदी नळीत भरली आहे. खाली इथेनॉल उकळतंय. वाफ वर जाते, थंड होते, थेंबाथेंबानं भरडीत मुरते. नळीभोवतीचं भांडं काठोकाठ आलं की हिरवागार अर्क गपकन खाली उतरतो. पुन्हा वाफ, पुन्हा थेंब. वरचा द्रव बिनरंगी दिसेस्तोवर हेच. मग इथेनॉल उडवून लावायचं, नाहीतर पेशींवर झालेला परिणाम अर्काचा की दारूचा, कोण सांगणार?

(सूक्ष्मदर्शक, जवळून)

या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी. जखम भरताना कोलॅजन, म्हणजे कातडीला बळ देणारं तंतुमय प्रथिन, विणतात त्या याच प्रकारच्या. गणेशखिंडीच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून अशा पेशी देशभर जातात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी वाढवायच्या वाटीचा तळ पेशींनी झाकला की पिपेटच्या, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळीच्या, टोकानं सरळ एक ओरखडा. हीच जखम. एका वाटीत अर्क, दुसरीत पेशींना पोसणारं नुसतं माध्यम. शून्य तासाला फोटो, २४ तासांनी फोटो, मग मधली फट मोजायची. अर्काचं प्रमाण जास्त झालं तर पेशी मरतातही, म्हणून तेही आधी तपासलेलं असतं : जिवंत पेशी पिवळं रसायन जांभळं करतात.

फट लवकर बुजली, तरी वाटीत रक्त नाही, पू नाही, मधुमेह नाही. प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या पुढच्या. तोवर खोल जखमेला दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.