नाताळात आलेली पाहुणी गाणी

श्रोतेहो, नमस्कार. नाताळ तोंडावर आला आहे, आणि आज आपण इंग्लंडकडच्या जुन्या नाताळगीतांची मैफल ऐकणार आहोत. साथीला छेडायचं तंतुवाद्य ल्यूट, गजानं वाजवायचं व्हिओल, रेकॉर्डर नावाची बासरी आणि शॉम. शॉम हे आपल्या सनईच्या भाऊबंदांपैकी वाद्य. दुहेरी पत्ती, आणि आवाज असा की चार गल्ल्यांपलीकडे जावा. इंग्लंडातल्या शहरांत हे वाजवायला पगारी वादक ठेवलेले असत.

गंमत अशी, की या मैफलीतली बरीच गाणी मुळात नाताळची नाहीतच.

वेन्सेस्लास राजा बर्फ तुडवत गरिबाला अन्न आणि सरपण पोहोचवायला निघतो, ते गाणं घ्या. दिवस २६ डिसेंबरचा, शब्दांत कडाक्याची थंडी. चाल मात्र वसंताची! १५८२ साली छापलेल्या ‘पिए कांतिओनेस’ या लॅटिन गीतसंग्रहात हीच चाल फुलं उमलण्याच्या गाण्याला आहे. फिनलंडमधल्या तुर्कूच्या शाळेत गायली जाणारी ती गाणी. १८५३मध्ये जॉन मेसन नील या इंग्रज पाद्र्यानं त्या चालीवर बर्फातली गोष्ट बसवली. जाणकारांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर नीलनं बरंच केलं. चाल ठाम पावलं टाकत जाते, बर्फातून चालायला सोयीची.

‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे तर झिडकारलेल्या प्रियकराचं रडगाणं. त्या चालीवर एकोणिसाव्या शतकात बाळ येशूचं गीत आलं. आणि येशू जन्मला त्या बेथलेहेम गावाचं जे गीत इंग्लंडात घरोघरी गातात, त्याची चाल संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी १९०३मध्ये सरे परगण्यातल्या एका गावकऱ्याकडून टिपून घेतली. तो गात होता नांगऱ्या पोराच्या स्वप्नाचं गाणं. नाटकातल्या पदाची चाल भजनी मंडळात ऐकत आलेल्या आपल्याला यात नवल ते काय!

पण मला थांबायचं आहे ते कॉव्हेंट्रीच्या अंगाईपाशी. त्या शहरात कापडाची लव कातरणारे आणि शिंपी मिळून दरवर्षी येशूजन्माचं नाटक करत. तेही डिसेंबरात नाही, उन्हाळ्याच्या तोंडावर, कॉर्पस क्रिस्ती नावाच्या ख्रिस्ती सणाला. त्यातला प्रसंग असा: येशूच्या जन्माची धास्ती घेतलेल्या हेरोद राजानं तान्ही मुलं मारायचा हुकूम सोडलाय, आणि बेथलेहेमच्या आया मुलांना जोजवतायत. ‘लुली, लुले’ म्हणत. म्हणजे आपलं ‘जो जो’च. रडू नकोस, आवाज करू नकोस, शिपाई ऐकतील. अंगाई आहे, पण बाळ झोपावं म्हणून नाही, ते सापडू नये म्हणून.

हे गाणं हाती राहिलं हेच नशीब. थॉमस शार्प नावाच्या गृहस्थानं १८२५मध्ये ते जुन्या हस्तलिखितावरून छापलं. पुढे १८७९मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला आग लागली आणि मूळ प्रत जळून गेली.

ऐकताना एक करा. गाणं कोमल गंधारानं उदास चालत राहतं, पण शेवटच्या स्वरमेळात एकदम शुद्ध गंधार लागतो. काही जण म्हणतात, ही त्या काळची रीतच होती. असेल. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या आईनं दाराबाहेरचा पावलांचा आवाज दूर जाताना ऐकला.

तीन आवाज, साथ कसलीच नाही. ऐकू या.