आधी काठी, मग पाऊल

[पहाट. पुण्यातली गुरुवार पेठ. दुधाच्या सायकलची घंटी. मागोमाग मनोऱ्यातली घंटा.]

पंचहौदच्या देवालयात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, रविवारी सगळ्यांत आधी कोण येतं, ते आवारातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं. उपासनेला तासभर अवकाश असतानाच आजोबा फाटकात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, हातात काठी. फाटकापासून देवालयाच्या दारापर्यंतची वाट ते काठीने ठोकत ठोकत जायचे. एखादी फरशी हलली किंवा दगड वर आलेला दिसला की थांबायचे, खिशातून खडू काढून त्यावर फुली मारायचे आणि पाळकसाहेब आल्यावर त्यांना ती जागा नेऊन दाखवायचे.

"म्हाताऱ्या बाया येतात. पाय अडकतो."

स्वतः तेव्हा नव्वदीच्या पुढे होते.

मी त्यांची नात. ही काठी त्यांच्या हातात कुठून आली, ते सांगायला मला पंचाहत्तर वर्षं मागे जावं लागेल.

[जुना फोटो: खाकी गणवेशातला मुलगा. मिसरूडही फुटलेलं नाही.]

आजोबांचा जन्म १९२८चा, नगर जिल्ह्यातला. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासून. त्याच मिशनच्या शाळेत पणजोबा मास्तर होते. घरी 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक यायचं आणि संध्याकाळी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचे अभंग पेटीवर म्हटले जायचे. पगार तुटपुंजा, खाणारी तोंडं सात. १९४६ साली आजोबा खडकीला आले आणि बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले.

सॅपर म्हणजे फौजेचा रस्ता करणारा माणूस. पूल बांधायचा, अडथळे उडवायचे आणि सुरुंग शोधून काढायचे. खडकीच्या मैदानावर शिकवलेलं आजोबांनी आम्हा नातवंडांनाही शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या सुरीने, अंगणातल्या मातीत. पोटावर झोपायचं. संगीन तिरकी धरून हलके हलके जमिनीत सारायची. उभी खुपसायची नाही, कारण सुरुंग वरून दाब पडला की फुटतो. तिरकं टोक त्याच्या कुशीला लागतं. काही कठीण लागलं की हात थांबला पाहिजे. बोटांनी माती बाजूला करायची. मोकळी झालेली वाट पांढऱ्या फितीने आखायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं पाय कुठे टाकायचा.

फीत नसली तर खडू.

[डोंगरातला रस्ता. वाऱ्याचा आवाज.]

१९४८चा एप्रिल. पाकिस्तानशी काश्मीरची लढाई चालू. जम्मूच्या बाजूला नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. शत्रूने तो सुरुंग पेरून आणि झाडं आडवी पाडून बंद केला होता. ८ एप्रिलला सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची सॅपर्सची तुकडी तो मोकळा करायला लागली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांत दोन जवान गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी ११ तारखेपर्यंत, गोळीबार चालू असताना, त्यांनी चिंगसपर्यंतची वाट रणगाड्यांसाठी खुली केली. १२ तारखेला राजौरी हाती आलं. या कारवारच्या माणसाला परमवीरचक्र मिळालं.

आजोबा सॅपर, आणि काश्मीरला होते, म्हणजे राणेंच्याच तुकडीत असणार, असं लोक धरून चालायचे. सत्काराच्या कार्यक्रमात कुणी तसं बोललं की आजोबा भर सभेत उभे राहून दुरुस्त करायचे. "मी त्यांच्याबरोबर नव्हतो. राणेसाहेबांनी रस्ता केला. आमची कंपनी मागाहून गेली. आम्ही फक्त तो राखला." राणेसाहेब पुढे पुण्यातच होते, १९९४ साली इथेच वारले. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत, असं आई सांगते.

राखणं हे काही लहान काम नव्हतं. काल तपासलेला रस्ता आज पुन्हा तपासायचा, कारण रात्रीत कुणी काय पुरून गेलंय ते सकाळी डोळ्यांना दिसत नाही. आजोबांचा जोडीदार सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आजोबा रस्त्याच्या डाव्या कडेने, तो उजव्या. चहा एकाच मगात. आधी कुणी प्यायचा, ते रोज आलटून पालटून.

इथे मला पंचहौदचीच एक गोष्ट आठवते. १८९० साली इथल्या मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला आली. त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला. ख्रिस्ती माणसांच्या हातचा चहा घेतला म्हणून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, माजलं, प्रायश्चित्तापर्यंत वेळ आली. ते वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे तो मग येतो.

जूनमध्ये एका पावसाळी सकाळी उजव्या कडेला सुरुंग फुटला.

त्या सकाळीबद्दल आजोबा याहून अधिक कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

[पत्र्याची ट्रंक उघडते. सुतळीने बांधलेले कागद.]

या मनीऑर्डरच्या पावत्या. पहिली १९४८ची, पाच रुपयांची. जोडीदाराच्या बायकोच्या नावे. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, पोटुशी होती. मग दर महिन्याला एक. १९६५च्या लढाईत सुद्धा खंड नाही, १९७१मध्ये सुद्धा नाही. ते आघाडीवर असताना आजी पोस्टात जायची. शेवटची पावती २००६ची, त्या आजी वारल्या त्या वर्षीची. त्यांच्याकडून दर वर्षी दिवाळीनंतर शेंगांचं पोतं यायचं. वर निळ्या शाईत 'सुभेदार साहेब, पुणे'.

आमच्या आजीविषयी सांगायचं तर ती मिशनच्या दवाखान्यात नर्स. चार मुलं. आजोबा बदलीच्या गावी असायचे, तेव्हा तिने रात्रपाळ्या करून घर चालवलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा मात्र आजोबांची नेमणूक खडकीला होती. आदल्या रात्री ते धरणावर वाळूची पोती रचत होते. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. पेठेत 'पाणी आलं, पाणी आलं' अशी ओरड झाली आणि आजी चारही पोरांना घेऊन खिडकीत बसून राहिली, हे त्यांना आठवतं. तिसऱ्या दिवशी आजोबा घरी आले. तळहात सोललेले. आजी मलम लावत असताना म्हणाले, "उजाडेपर्यंत धरलं."

धरण रात्री फुटलं असतं तर झोपेतली किती माणसं गेली असती, हे बाबांना मोठेपणी समजलं.

निवृत्तीनंतर आजोबांचं सगळं आयुष्य घर आणि देवालय एवढ्यात मावलं. आवारातली गळकी कौलं, बाकांचे खिळे, आजारी माणसाच्या घरी पाळकसाहेबांबरोबर प्रभुभोजनाचं साहित्य नेणं. हे देवालय १८८५चं. मनोरा त्याच्यापासून सुटा उभा, सुमारे १३० फूट उंच, आत आठ घंटा. पंच्याहत्तरीपर्यंत आजोबा त्या मनोऱ्यात चढत होते. नाताळच्या करंज्या कातण्याचं काम त्यांचं. अंगठ्याने माप घेऊन कातायचे. एक करंजी दुसरीहून मोठी नाही.

आजीची शेवटची सहा वर्षं अंथरुणात गेली. तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. आजोबांना ती कधी 'दादा' म्हणायची, कधी 'डॉक्टर'. ते दोन्ही हाकांना ओ द्यायचे. रोज सकाळी तिचे केस विंचरून वेणी घालायचे. पहिल्यांदा जमेना, तेव्हा माझ्याकडून शिकून घेतली. मी दहावीत होते. सुतळीच्या तीन पेडांवर त्यांनी आठवडाभर सराव केला, आणि मग तिच्या केसांना हात लावला. रात्री तिच्या उशाशी बसून बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायचे. बाकी सगळं विसरलेली आजी त्याच्या ओळी त्यांच्याबरोबर पुटपुटायची.

[संथ घंटा. पाऊस.]

२०२३च्या ऑगस्टमध्ये आजोबा गेले. पंच्याण्णव वर्षांचे होते. शवपेटी फाटकातून आत आणताना खांदेकऱ्यांत बाबा सर्वांत पुढे होते. वाटेत एका फरशीवर खडूची फुली होती, पावसाने अर्धी पुसलेली. बाबांनी मागच्यांना हळूच सांगितलं, "इथे जपून."

नोव्हेंबरमध्ये देवालयात कापणीचा सण असतो. लोक धान्य, भाजी, फळं, कोंबड्या आणून अर्पण करतात, मग आवारात लिलाव होतो. साताऱ्याचं पोतं आलं की आजोबा ते न उघडता या सणाला द्यायचे आणि लिलावात स्वतःच बोली लावून परत घ्यायचे. समोरून कुणी बोलीला उभं राहिलेलं त्यांना खपत नसे.

त्या वर्षी पोतं येणार नाही, असं आम्ही धरून होतो. एका सकाळी पंचविशीतला एक मुलगा ते खांद्यावर घेऊन जिना चढून आला. जोडीदाराचा पणतू. नाव तेच, निळ्या शाईत.

[आवार. माणसांची गर्दी. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज.]

"शेंगा, एक पोतं, सातारा! बोला!"

आवारात कुणी बोललं नाही. सगळे बाबांकडे बघत होते.

बाबांनी हात वर केला.