एकदाच लाल झाली, मग थांबली

आमच्या जुन्या घरातल्या संडासात काळपट फरशी होती, त्यावर लघवीचा रंग काय दिसणार! बाबा ताईकडे मुक्कामाला गेले, तिथलं पांढरं भांडं, तेव्हा दिसलं. लालभडक. दुखत नाही, जळजळ नाही, दुसऱ्या दिवशी एकदम नॉर्मल. ताई म्हणाली उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी दिलं, विषय संपला.

दोन महिन्यांनी परत.

हेच सांगायचंय तुम्हाला. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये रक्त बहुतेकदा असंच येतं, न दुखता येतं आणि आपोआप थांबतं, आणि थांबलं की माणूस निर्धास्त होतो. बायकांचं तर अजून अवघड, प्रत्येक वेळी इन्फेक्शन म्हणून गोळ्या मिळतात आणि महिने जातात.

बाबांनी चाळीस वर्षं बिडी ओढली. धूर फुफ्फुसात जातो हे सगळ्यांना माहितीय, पण त्यातली विषारी रसायनं रक्तात मिसळतात, किडनी ती गाळते आणि मग तेच पाणी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतं, आतलं अस्तर त्यात भिजत असतं. या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसचं कारण तंबाखूचा धूर आहे. दुसरं कारण रंगाचे कारखाने. जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जनने 1895 मध्येच रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या गाठी दाखवून दिल्या होत्या. रंग, रबर, चामड्याच्या कामात वर्षानुवर्षं असाल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

तपासणी म्हणजे लघवीची टेस्ट, सोनोग्राफी नाहीतर सीटी स्कॅन आणि दुर्बीण, म्हणजे लघवीच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी घालून मूत्राशय आतून बघणं. सोनोग्राफीत बारीक गाठ सुटू शकते म्हणून दुर्बीण टाळू नका, मीही आधी नकोच म्हणत होतो. स्क्रीनवर बाबांची गाठ बघितली, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, पाण्यात हलत होती. ती अस्तरातच होती म्हणून पोटावर चिरा न देता लघवीच्या वाटेनेच खरवडून काढली. स्नायूत उतरली असती तर बऱ्याचदा अख्खं मूत्राशयच काढावं लागतं.

नंतर दर आठवड्याला एक असे सहा डोस, बीसीजीचे. हो, बाळाच्या दंडावर टीबीसाठी देतात तेच औषध, इथे नळीने मूत्राशयात सोडतात.

हा आजार उलटतो, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण. परवाची साफ निघाली, पुढची दिवाळीनंतर आहे.