पायाच्या नखाची बुरशी जात का नाही? आधी घासा, मग लावा

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की आमच्या कमेंटमध्ये पायांच्या अंगठ्यांचे फोटो यायला लागतात. पिवळा अंगठा, जाड झालेला अंगठा, अर्धं नख उचललेला अंगठा. खाली प्रश्न एकच: "सहा महिने लॅकर (नखावर लावायचं बुरशीचं औषध) लावतोय, काही फरक नाही." पेडण्याहून, वाळपईहून, मडगावहून, सगळीकडून तेच. म्हणून आज पायाच्या नखांची बुरशी.

सुरुवातीचं पटकन उरकू. नखाचा रंग पिवळा किंवा पांढरट होतो, नख जाड होतं, टोकाकडून सुटतं आणि खाली भुशासारखी घाण साठते. बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी असते. तीच बेचक्यात चिखल्या करते, तीच जांघेत गजकर्ण उठवते. भातलावणीला चिखलात उतरणारे, कुळागरात पाणी सोडणारे, मालीमच्या जेटीवर गमबूट घालून वावरणारे, हॉटेलच्या किचनमध्ये दिवसभर बंद बुटात उभे असणारे, यांना त्रास जास्त. वय वाढलं की जास्त, मधुमेह असेल तर जास्त. हे तुम्हाला माहीतच आहे, पुढे जाऊ.

माहीत नसतं ते हे: बुरशी नखावर बसलेली नसते, नखाच्या खाली, नखाच्या गादीत बसलेली असते. छपरावर फवारा मारून तुळईतली वाळवी मरते का? क्लोट्रिमाझोलचं क्रीम नखावर चोळणं म्हणजे तेच. चिखल्यांना ते क्रीम उत्तम, पण नखातून आरपार जात नाही. म्हणून नखासाठी वेगळं औषध असतं, लॅकर. अमोरोल्फिन ५ टक्के किंवा सायक्लोपिरॉक्स ८ टक्के. दिसायला नेलपॉलिशसारखं, लावायलाही तसंच. आणि इथेच घोळ होतो, कारण सगळे ते नेलपॉलिशसारखंच लावतात.

घासायचं राहतं, मंडळी. घासायचं.

(कॅमेरा अंगठ्यावर, जवळून)

हे बघा. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग कोरडा. आधी सुटलेलं नख नेलकटरने थोडं थोडं करून कापायचं, एका फटक्यात नाही. चिकटलेल्या भागाशी थांबायचं. खालचा भुसा बोथट काडीने अलगद काढायचा, टोकदार पिन नको. मग फाइल घ्या आणि नखाचा पृष्ठभाग एकाच दिशेने घासा. किती? चकाकी जाऊन नख मळकट, खरखरीत दिसेपर्यंत. दुखलं किंवा गुलाबी दिसायला लागलं, तर जास्त झालं. पांढरी पूड पडते तिच्यात बुरशी असते, म्हणून खाली कागद धरा आणि तो गुंडाळून कचऱ्यात टाका. त्यानंतर स्पिरिटच्या कापसाने पुसा, सुकू द्या आणि मग लॅकर. तीन ते पाच मिनिटं मोजे-चप्पल काही नको. अमोरोल्फिन साधारण आठवड्यातून एकदा. सायक्लोपिरॉक्स रोज लावायला सांगितलं असेल, तर सात दिवसांनी आधीचे सगळे थर स्पिरिटने पुसून पुन्हा पहिल्यापासून.

काही जण लिहितात, "पहिल्या दिवशी घासलं होतं." पहिल्या दिवशी घासून भागत नाही. पुढच्या आठवड्याचा थर मागच्या आठवड्याच्या थरावर बसला, तर औषध जुन्या थरातच अडकतं. नवीन लावण्याआधी जुनं निघायलाच हवं.

आणि फाइल. आजारी नखाची फाइल चांगल्या नखाला लावायची नाही. एका अंगठ्याची बुरशी दहा बोटांना तुम्हीच वाटाल. अमोरोल्फिनच्या पाकिटात फेकायच्या फाइल येतात त्या याचसाठी. नेलकटर घरात एकच असेल तर आज दुसरा आणा.

नख फारच जाड असेल, फाइलला दाद देत नसेल, तर ४० टक्के युरियाचं मलम मिळतं. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावा, नखावर मलम, वर प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी, रात्रभर. आठवडा-दोन आठवड्यांत नख मऊ पडतं आणि खरवडता येतं. मधुमेह असेल, पाय बधिर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर मात्र कापणं, घासणं, युरिया, यातलं काहीही घरी करू नका. कळतच नाही कुठे लागलं ते.

आता तुमच्या कमेंटमधले उपाय. फेणीत कापूस बुडवून नखावर ठेवला तर? फेणी वाया जाईल, एवढंच. माडाच्या व्हिनेगरमध्ये पाय बुडवून बसणं? तेही नखाखाली पोचत नाही, उलट चिखल्या असतील तर कातडी चरचरेल. कोकमाचं तेल टाचेच्या भेगांना चांगलं, बुरशीचं औषध नाही. आणि हे कळकळीने सांगते: बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेल लावू नका. "आमच्या आजोबांनी लावलं होतं" असं लिहिणारे बरेच आहेत. दोन्हींनी कातडी भाजते, फोड येतात आणि त्या जखमेतून पू होतो. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या हातांकडे एकदा बघा.

त्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती मेडिकलमध्ये मिळते. "तीन औषधं एकत्र" असलेलं मलम. त्यात बुरशीचं औषध असतं आणि सोबत स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश. आत बुरशी पसरत जाते, कारण स्टेरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दबते. आपल्याकडे गजकर्ण आज इतकं हट्टी झालंय, त्यामागे ही मलमं हे एक मोठं कारण आहे. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन वाचलंत, तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय हात लावू नका.

लॅकर कुणासाठी? नख टोकाकडून अर्ध्यापेक्षा कमी खराब, मूळ स्वच्छ आणि नखं मोजकीच, त्यांच्यासाठी. बुरशी मुळाशी पोचली असेल किंवा बरीच नखं गेली असतील, तर गोळ्या लागतात. आणि गोळ्यांआधी तपासणी. कारण बुरशीसारखी दिसणारी नखं बऱ्याचदा बुरशीची नसतात. सोरायसिसमध्ये नख असंच जाड होतं, बहुतेकदा त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डेही असतात. फुटबॉल खेळणाऱ्यांचं नख बुटात आपटून काळं पडतं आणि सुटतं. काळी रेघ नखातून मागच्या कातडीपर्यंत गेली असेल, तर बुरशीचा विचार बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

तपासणी साधी आहे. नखाखालचा भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघितली, तर तीन-चार आठवडे लागतात. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचा विभागात जा किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे, पण टोकाचं कापलेलं नख डबीत घालून नेऊ नका. जिवंत बुरशी आतल्या बाजूला, चांगल्या नखाच्या सीमेवर असते, नमुना तिथला लागतो. आणि जाण्याआधी काही आठवडे बुरशीचं औषध बंद ठेवायचं असतं, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येतो. किती आठवडे, ते डॉक्टरांना विचारा.

गोळी बहुतेकदा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, पायाच्या नखांना १२ आठवडे. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी, म्हणजे एसजीपीटी आणि एसजीओटी. मध्येच भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले किंवा जिभेची चव गेली, तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. दुसरा पर्याय इट्राकोनाझोल: २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिन्यातला एकच आठवडा, असे तीन महिने. याच्या कॅप्सूल पोटभर जेवणासोबत घ्यायच्या. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही, आणि हृदय कमजोर असेल तर हे औषध नको. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं पटत नाही. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.

१२ आठवडे संपले आणि नख तसंच पिवळं! मग सुरू: "गोळ्या फुकट गेल्या." अहो, पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष. खराब झालेलं नख बरं होत नसतं, ते पुढे सरकून कापलं जातं. म्हणून टोकाकडे बघू नका, मुळाकडे बघा. पहिल्या दिवशी चांगल्या आणि खराब नखाच्या सीमेवर फाइलच्या कडेने आडवी, उथळ खूण करा. दर महिन्याला फोटो काढा. खूण पुढे सरकतेय आणि तिच्या मागचं नख स्वच्छ आहे, तर औषध लागू पडलंय. पिवळेपणा खुणेच्या मागे आला, तर डॉक्टरांकडे परत.

परत येऊ नये म्हणून काय? आधी चिखल्या संपवा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बघा, पांढरी, भिजलेली कातडी दिसेल. क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, चार आठवडे. खाज थांबली तरी मध्येच सोडायचं नाही. आंघोळीनंतर पायांसाठी वेगळा पंचा आणि प्रत्येक बेचकं कोरडं. घरात सगळ्यांचं मिळून एकच ओलं पायपुसणं असतं ना, ते उचला. बुटांचे दोन जोड ठेवून आलटून पालटून घाला, पावसात बूट एका रात्रीत सुकत नाही. मोज्यांना निदान ६० अंशांचं पाणी हवं: दोन तांबे उकळतं, एक तांब्या नळाचं, झाकण ठेवून पाऊण तास. नुसत्या साबणाने बुरशी मरत नाही.

शेवटचे दोन प्रश्न. "नख उपटून टाकलं तर?" नुसतं उपटून काही होत नाही. गादीत बुरशी तशीच, नवं नख तिच्यावरूनच उगवतं, कधीकधी मांसात रुततं.

आणि हा दरवर्षी येतो: "चवथीला नेलपॉलिश लावू का?" लॅकर चालू असताना वर नेलपॉलिश नको. अगदीच राहवलं नाही तर एक दिवस लावा. दुसऱ्या दिवशी रिमूव्हरने काढाल तेव्हा खालचं लॅकरही निघून जाईल. मग नव्या फाइलने नख घासायचं, स्पिरिट, आणि लॅकर पुन्हा.