झोपेतला मृत्यू: उत्तर कुठे सापडलं?

वरकरणी ठणठणीत असलेलं, वर्षाच्या आतलं बाळ झोपेत दगावतं. शवविच्छेदन होतं, ते झोपलं होतं त्या जागेची पाहणी होते, आजारपणाचा सगळा इतिहास तपासला जातो, आणि तरीही कारण हाती लागत नाही. अशा मृत्यूला आम्ही डॉक्टर सिड्स (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, म्हणजे बाळाचा अचानक मृत्यू) म्हणतो. यातले बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांतले, त्यातही दोन ते चार महिन्यांच्या बाळांचे सर्वांत जास्त. कारण सापडत नसलं की माणूस पटेल असं कारण शोधून काढतो. डॉक्टरही काढतात, आणि त्याची किंमत बाळांनी मोजली आहे. आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा बाळांच्या छातीत थायमस ग्रंथी ‘मोठी’ दिसते, असं लक्षात आलं. तीच श्वासनलिका दाबत असणार, असा निष्कर्ष निघाला. पण ग्रंथीचा नेहमीचा आकार ठरवला होता तो दीर्घ आजाराने, उपासमारीने मेलेल्या मुलांवरून. आणि आजारपणात थायमस आक्रसते. म्हणजे निरोगी बाळाची ग्रंथीच रोगट ठरली! मग पुढची काही दशकं ती लहान करण्यासाठी हजारो बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यांच्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाल्याचं 1950 च्या सुमारास उघड होऊ लागलं.

दुसरी गोष्ट पालथं झोपवण्याची. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल, ही भीती अगदी साहजिक. म्हणून अनेक देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला देत गेले. आता शरीररचना बघा. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढावं लागेल. पालथं केलं की हे उलटं होतं. इतकी साधी गोष्ट, पण सल्ला बदलायला फार उशीर झाला. उपलब्ध अभ्यास 1970 पर्यंत नीट एकत्र केले असते, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड परिसरात) मिळून किमान 50,000 बाळं वाचू शकली असती, असा अंदाज 2005 मधल्या एका आढाव्याने मांडला. हा आकडा मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

उत्तर मिळालं ते जिवंत बाळांच्या घरी विचारपूस केल्यावर. न्यूझीलंडमध्ये 1987 पासून तीन वर्षं दगावलेल्या बाळांची तुलना जिवंत बाळांशी केली गेली. कसं झोपवलं होतं, घरात धूम्रपान होतं का, अंगावर पाजत होते का, असे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. पालथं झोपवणं ठळकपणे पुढे आलं. ब्रिटनमध्ये 1991 ला आणि अमेरिकेत 1994 ला ‘उताणं झोपवा’ ही मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. कुठलंही यंत्र नाही, औषध नाही.

यंत्रावर मात्र आमचा फार भरवसा होता. श्वास थांबला की वाजणारे मॉनिटर घरोघरी दिले गेले. 2001 मध्ये हजाराहून अधिक बाळांवरचा अभ्यास आला, तेव्हा दिसलं की श्वास थोडा वेळ थांबणं निरोगी बाळांतही सर्रास घडतं. सिड्स टाळण्यासाठी असे मॉनिटर वापरू नयेत, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2003 मध्ये स्पष्ट केलं.

आता माझ्या विभागाबद्दल. श्वास थांबलेलं बाळ आमच्याकडे येतं तेव्हा अ‍ॅड्रेनालिनने कधी हृदय पुन्हा सुरू होतं, व्हेंटिलेटर श्वास देतो. पण तोवर मेंदू प्राणवायूवाचून राहिलेला असतो. शरीर 33 अंशांपर्यंत थंड केलं तर मेंदू वाचेल, अशी मोठी आशा होती. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या मुलांवरची चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली: 36.8 अंशांवर, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानावर ठेवलेल्या मुलांच्या तुलनेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. ताप चढू न देणं मात्र आम्ही कसोशीने पाळतो. खरी वेळ असते ती घरातली पहिली काही मिनिटं. बाळांचं हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं, म्हणून छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वास देणंही शिकवायलाच हवं.

आणि बाळ वाचणार नाही हे दिसू लागलं, तरी आमचं काम संपत नाही. रक्ताचे नमुने जपून ठेवायचे, चयापचयाच्या आणि जनुकीय तपासण्या पाठवायच्या. काही मृत्यूंमागे हृदयाच्या विद्युतप्रवाहातला जन्मजात दोष निघतो. तसा तो निघाला, तर आईवडिलांचा आणि भावंडांचा ईसीजी त्याच आठवड्यात काढून घ्या. त्या दोषावर उपचार आहेत.