सिस्टर, मेल बघितलात का?

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. नाईट करून थेट आलेल्या सिस्टर पंख्याखाली बसा, डोळा लागला तर लागू दे, मी काही बोलणार नाही.

मला सांगा, या महिन्यात हॉस्पिटलचा मेल कोणीकोणी उघडला? ...चार हात. त्यातले दोन इनचार्जचे, म्हणजे धरूच नका.

मला कळतं हो, मीपण पंचवीस वर्षं वॉर्ड केलाय. स्टेशनवर एकच कॉम्प्युटर, त्यावर रेसिडेंट रिपोर्ट बघत बसलेला, तो उठेपर्यंत आपली औषधांची वेळ होते. आणि मग पासवर्ड! तो एक्स्पायर झालेला असतो, नाहीतर मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो (ती चिठ्ठी आजच काढा, तुमच्या नावाने कोणी काही पाठवलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल).

पण एक गंमत बघा. पेशंटच्या बाबतीत आपण किती पक्क्या असतो, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हे पहिल्या वर्षापासून घोकलंय. इनटेक-आऊटपुट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), सगळं वेळ टाकून सही करून. आणि स्वतःचं काही असलं की? तोंडी! कॉरिडॉरमध्ये मेट्रन मॅडम दिसल्या की चालता चालता सांगायचं, ‘मॅडम, ते सक्शन मशीनचं बघा ना.’

माझं असंच झालं होतं. पेशंटच्या घशातला कफ काढायचं ते सक्शन मशीन ओढत नव्हतं, मी मशीन दुरुस्त करणाऱ्या बायोमेडिकलवाल्यांना तीनदा फोन केला, हँडओव्हरमध्येही सांगितलं, आणि एका रात्री नेमकं लागलं तेव्हा शेजारच्या वॉर्डातून पळत जाऊन आणावं लागलं. पेशंट वाचला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये प्रश्न आला, सिस्टर तुम्ही कळवलं कधी? मी आपली सांगतेय फोन केला होता फोन केला होता, समोरचा म्हणतो आमच्याकडे नोंद नाही. दोन ओळींचा मेल असता तर तारीख-वेळेसकट मीच त्याला दाखवला असता.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो ना, असं म्हणाल. टाकता, पण सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ते कुठे जातं? आणि पेशंटच्या केसपेपरचा फोटो तिथे अजिबात नको, तो तुमच्या गॅलरीत जातो, तिथून घरातल्या पोरांच्या हातात. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात संस्थेला 250 कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. मेलमध्येसुद्धा पेशंटचं नाव गरज नसेल तर घालू नका, बेड नंबर पुरतो.

इंग्रजीची भीती सोडा. मराठीत लिहा, माईक दाबून बोललात तरी टाईप होतं. विषयात वॉर्ड आणि वस्तू, ‘वॉर्ड 6, सक्शन बंद’, झालं. नमस्कार चमत्कार नकोत.

आता घाईचं काम मात्र मेलवर नाही हं. पेशंट कोसळतोय तर फोन. सुई टोचली तर आधी साबण-पाण्याने धुवा आणि कॅज्युअल्टी गाठा, पीईपी, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध, जितकं लवकर तितकं बरं, 72 तासांच्या पुढे गेलं तर उपयोग नाही. मेल त्यानंतर, पण त्याच ड्युटीत. पुढे कधी प्रश्न निघाला तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

नाइटिंगेलबाईंचा दिवा आपण दर 12 मेला लावतो, पण क्रिमियाहून परतल्यावर बाईंनी पुढची कितीतरी वर्षं आजारपणात घरी बसून कामं करून घेतली ती पत्रं आणि रिपोर्ट लिहून लिहून. भारतात कधी आल्या नाहीत, तरी इथल्या स्वच्छतेवर सरकारच्या मागे लागल्या, आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीसुद्धा पत्रव्यवहार होता. त्यांच्याकडे मेल असता तर सेक्रेटरी लोकांचं काही खरं नव्हतं!

बरं, ज्यांचा पासवर्ड लॉक झालाय त्यांनी डावीकडच्या टेबलाशी या, आयटीचे दादा थांबलेत. आधी नाईटवाल्या.